शिष्यवृत्ती : उपकार नव्हे, हक्काचे देणे!

पावसाळा सुरू झाला की नागसेनवनात लोखंडी पेट्या दिसू लागतात. जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीडकडून पोरे येतात. कुणाच्या खांद्यावर वळकटी, कुणाच्या हातात गव्हाच्या पिठाची पिशवी. 1950 साली बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय काढले तेव्हापासून हे दृश्य बदललेले नाही. शहराचे नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, पेटीऐवजी चाकांची बॅग आली. पण पेटीत भरलेली काळजी तीच आहे. फी कशी भरायची? जेवायचे कुठे? आणि स्कॉलरशिप कधी येणार?

मागच्या एका जुलैत असाच एक मुलगा आम्हाला भेटला. किनवट तालुक्यातला, जमातीने कोलाम. नंदीग्राम एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून तो या शहरात उतरला होता. घराण्यात बारावीच्या पुढे गेलेला पहिलाच. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे. तो आम्हाला म्हणाला, "सर, एका हाफिसात गेलो तर म्हणले, तू आमच्या खात्याचा नाही. दुसऱ्या खात्यात गेलो तर म्हणले, आधी वसतिगृहाचा फॉर्म भर, मग बघू. मेसवाला म्हणतो, आधी पैसे भर." आम्ही त्याला विचारले, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का? तो म्हणाला, "भरला सर. पण पैसे परीक्षेच्या नंतर येतेत म्हणं."

परीक्षेच्या नंतर! भूक परीक्षेच्या आधी लागते आणि पैसे परीक्षेच्या नंतर येतात, हीच या देशातील मागासवर्गीय विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणाची एका वाक्यातली कहाणी आहे. त्या कोलाम मुलाच्या निमित्ताने आज आम्हाला दोन गोष्टी स्पष्टपणे मांडावयाच्या आहेत. एक शासनाला सांगायची आहे आणि दुसरी आपल्या स्वतःला.

बाबासाहेबांचे शिक्षणही तुटले होते

शिष्यवृत्ती म्हटले की आपल्याला बडोद्याचे सयाजीराव महाराज आठवतात. 1913 साली त्यांनी तरुण भीमरावाला दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, अशी शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. त्याबदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. पण याच गोष्टीचा उत्तरार्ध आपण क्वचितच सांगतो. बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अभ्यास सुरू केला, आणि 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. बडोद्यात त्यांच्या वाट्याला काय आले ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे मुंबईत प्राध्यापकी करून पै-पै साठवावी लागली, राजर्षी शाहू महाराजांची मदत घ्यावी लागली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घ्यावे लागले, तेव्हा कुठे 1920 साली ते पुन्हा लंडनला पोहोचले.

म्हणजे जगातल्या एका असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याचेही शिक्षण शिष्यवृत्ती संपताच तीन वर्षे तुटले. बुद्धी होती, जिद्द होती, रोज अठरा तास अभ्यासाची तयारी होती. नव्हता तो फक्त पैसा. आणि आज आमच्या पोरांना उपदेश केला जातो, "बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुम्हाला काय धाड भरली?" अहो, दिव्याखाली शिकलेल्या त्या माणसानेच सत्तेत गेल्यावर पहिल्या काही कामांत कोणते काम केले, ते तरी पाहा!

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षीच्या 29 ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला आणि बनारसच्या हिंदू विद्यापीठाला सरकार वर्षाला तीन-तीन लाख रुपये देते, मग ज्यांच्याजवळ ना विद्यापीठ आहे ना जमीनजुमला, त्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकार काय करते, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यातून वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि 1944 साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना उभी राहिली. पहिल्या वर्षी 114 विद्यार्थ्यांना तिचा लाभ मिळाला. 1948-49 मध्ये ती योजना आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. आज ज्याला आपली पोरे 'जीओआय' किंवा 'भारत सरकार स्कॉलरशिप' म्हणतात, तिचे मूळ हे आहे. ती कोणा मंत्र्याने खिशातून दिलेली खिरापत नाही. तिच्यावर बाबासाहेबांच्या हाताची सही आहे!

त्याही आधी, 1882 मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता. केवळ स्पर्धा परीक्षेच्या बळावर शिष्यवृत्त्या वाटल्या तर त्या वरवर न्याय्य दिसतील, परंतु ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यापर्यंत त्या पोहोचणार नाहीत, असे जोतीरावांचे म्हणणे होते. आज 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून कंठशोष करणाऱ्यांना जोतीरावांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

दहा रुपये रोजाचा विद्यार्थी

आता आकडे पाहू. 2010 साली केंद्र सरकारने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे दर सुधारले. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या आणि वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता किती? महिन्याला 300 रुपये. दिवसाला दहा रुपये! वसतिगृहात राहणाऱ्याला महिन्याला 570. अनुसूचित जातीला आणि अनुसूचित जमातीला हेच दर. त्यानंतर अकरा वर्षांनी अनुसूचित जातीच्या योजनेत नवे दर आले. गाजावाजा मोठा झाला. नवा दर काय? बी.ए. करणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला 3,000 रुपये, वसतिगृहातल्याला 6,000. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरा आणि भागाकार करा. बाहेर राहणाऱ्याचे महिन्याचे पुन्हा तेच 300! वसतिगृहातल्याचे 570 चे 600 झाले. अकरा वर्षांत डाळ, तेल, गॅस, खोलीभाडे, बसचा पास कुठल्या कुठे गेले, आणि आमच्या पोराच्या ताटात वर्षाला 300 रुपयांची भर पडली. बाहेर राहणाऱ्याच्या ताटात तेवढीही नाही. आज दहा रुपयांत टपरीवर एक चहा येतो. म्हणजे शासनाने आमच्या पदवीच्या विद्यार्थ्याची किंमत रोज एक चहा अशी ठरवली आहे!

कुणी म्हणेल, राज्य सरकारच्या योजना आहेत की. आहेत. 2016-17 पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना सुरू झाली. ज्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याच्या बँक खात्यात जेवण, निवास आणि निर्वाह यांचे पैसे टाकायचे, ही कल्पना चांगली आहे आणि तिचे श्रेय आम्ही नाकारणार नाही. आपल्या शहरासारख्या महानगरपालिका क्षेत्रासाठी वर्षाला 51,000 रुपये ठरले. त्यात जेवणाचे 28,000, निवासाचे 15,000 आणि निर्वाहाचे 8,000. म्हणजे दहा महिन्यांचे धरले तर जेवणाला दिवसाला 93 रुपये आणि खोलीला महिन्याला 1,500. ठरले तेव्हाही हे पुरेसे नव्हते. तरीही ते पहिल्या महिन्यात हातात पडले तर पोरगा तग धरेल. प्रश्न रकमेचा आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे.

आणि उत्पन्नाची मर्यादा पाहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, असे 2013 मध्ये ठरले आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ ती मर्यादा जागची हलली नाही. अडीच लाख म्हणजे साऱ्या घराचे मिळून दिवसाला 685 रुपये. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामगार असलेला बाप आणि चार घरची धुणीभांडी करणारी आई यांची मजुरी एकत्र केली की हे घर 'श्रीमंत' ठरते! फीची सवलत फ्रीशिपमधून मिळते, पण निर्वाह भत्ता बंद. याच देशात 2019 साली घटनादुरुस्ती करून आर्थिक दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आरक्षण आणले गेले, तेव्हा 'दुर्बल' ठरण्याची मर्यादा ठेवली आठ लाख! आमचा कुणाच्याही गरिबीशी वाद नाही. गरीब कुठल्याही जातीचा असो, त्याच्या पोराने शिकलेच पाहिजे. पण आठ लाखवाला दुर्बल आणि तीन लाखवाला दलित-आदिवासी सबळ, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

धनको कोण आणि ऋणको कोण?

आमच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेची गोष्ट सांगतो. या शहरातील एका महाविद्यालयात आम्ही शिकत होतो. शिष्यवृत्तीचे बिल दरवर्षी 'वर गेलेले' असायचे. बाबूला विचारले की तो म्हणायचा, "बिल पाठवलंय, बजेट नाही." जून गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. आम्ही सहाजण एका खोलीत राहायचो आणि दोन डब्यांत सहाजण जेवायचो. खाणावळ चालवणाऱ्या मावशी स्वतः विधवा, पदरात तीन लेकरे. त्या म्हणायच्या, "लेकरा, स्कॉलरशिप आली की दे. जेवल्याबिगर नको जाऊ." आमचा एक सोबती मात्र उधारीला लाजला. अर्ध्या वर्षातून पेटी उचलून गावी गेला, तो ऊसतोडीला लागला. त्याचा चेक मे महिन्यात आला. चेक आला तेव्हा विद्यार्थी नव्हता!

त्या दिवशी आम्हाला जे उमगले ते आजही खरे आहे. वेळेवर न आलेली शिष्यवृत्ती म्हणजे सर्वांत गरिबाने सरकारला दिलेले बिनव्याजी कर्ज आहे. देणे सरकारचे; पण ते भरले कोणी? खाणावळवाल्या मावशीने भरले, खेड्यातल्या बापाने शेळी विकून भरले, मोठ्या बहिणीने कानातले मोडून भरले. धनको आम्ही, ऋणको सरकार. आणि तरीही रांगेत हात जोडून उभे राहायचे आम्हीच!

आता चेक गेले, ऑनलाइन आले. 2017 पासून महाडीबीटी नावाचे संकेतस्थळ आले. मधले दलाल जातील, पैसा थेट खात्यात येईल, असे सांगण्यात आले. दलालांचा बंदोबस्त हवाच होता. शिष्यवृत्तीच्या नावाखाली काही संस्थांनी बोगस विद्यार्थी दाखवून कोट्यवधी रुपये लाटले, त्याच्या चौकशीसाठी राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले होते. पण पहिल्याच वर्षी संकेतस्थळ कोलमडले आणि अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. चोरी संस्थाचालकांनी केली, शिक्षा मात्र विद्यार्थ्यांनी भोगली.

आज शिष्यवृत्ती कुठे अडते ते नीट समजून घ्या, कारण समजल्याशिवाय लढता येत नाही. विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो. त्याने पुढे ढकलला तरच तो समाजकल्याणच्या किंवा आदिवासी प्रकल्पाच्या कार्यालयात पोहोचतो. तिथे मंजूर झाला तरी खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसा परत फिरतो. किनवटच्या पोराचे खाते गावच्या बँकेत, आधारवरचा मोबाइल क्रमांक मामाचा आणि मामा तेलंगणात मजुरीला. ओटीपी कोणाला येणार? त्यातच अनुसूचित जातीच्या योजनेत केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के, अशी विभागणी डिसेंबर 2020 मध्ये ठरली. आदिवासींच्या योजनेत केंद्र 75 आणि राज्य 25. राज्याने आपला वाटा दिल्याशिवाय केंद्राचा वाटा सुटत नाही. राज्याची तिजोरी अडली की दिल्लीचा पैसाही अडतो. शिवाय फीची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यावर येते आणि ती त्याने सात दिवसांत महाविद्यालयाला द्यायची. पैसा आलेलाच नाही, तरी महाविद्यालय विद्यार्थ्याच्याच मागे लागते. कुठे हॉल तिकीट अडवतात, कुठे टी.सी. अडवतात. सरकार आणि संस्था यांच्यातल्या व्यवहारात अठरा वर्षांच्या पोराला जामीन ठेवले आहे!

डिसेंबर 2020 च्या त्या निर्णयात पाच वर्षांसाठी 59,048 कोटींची योजना जाहीर झाली, त्यात केंद्राचा वाटा 35,534 कोटी. आकडा मोठा आहे, आम्ही त्याचे स्वागतच केले. पण त्याच वेळी सरकारने स्वतःच सांगितले की 2017-18 ते 2019-20 या काळात केंद्राची मदत वर्षाला 1,100 कोटींच्या आसपास होती आणि आता ती पाचपटीहून अधिक होईल. म्हणजे त्या तीन वर्षांत गरजेच्या मानाने किती तुटपुंजे दिले जात होते, याची ही सरकारी कबुली नव्हे काय? त्या तीन वर्षांत शिक्षण सोडून गेलेली पोरे आता कोणती योजना परत आणणार?

आणि मे 2025 मध्ये महाराष्ट्रात काय घडले? 'लाडकी बहीण' योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख रुपये वळवण्यात आले. खुद्द सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट, जे याच शहराच्या औरंगाबाद पश्चिम मतदारसंघातून निवडून आले, त्यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे द्यायला आमचा विरोध नाही. आमच्याही बहिणी त्यात आहेत. पण बहिणीला देण्यासाठी भावाच्या वह्या-पुस्तकांच्या पैशाला हात का? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 साली अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेच्या निधीसाठी कायदे केले, तेलंगणाने 2017 साली केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्रात हीच मागणी वर्षानुवर्षे धूळ खात पडली आहे.

हा प्रश्न केवळ पोटाचा नाही, जिवाचा आहे. 17 जानेवारी 2016 रोजी हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलाने जीवनाचा अंत केला. त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, एक लाख पंचाहत्तर हजार रुपयांचा, उल्लेख होता. त्यातून एकाचे घेतलेले पैसे परत करावेत, अशी व्यवस्थाही तो सांगून गेला. जाताना कर्ज फेडण्याची चिंता मेलेल्याला होती. देणे थकवणाऱ्याला नव्हती. आणि 2023 साली बार्टीच्या फेलोशिपसाठी 861 संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसले, तेव्हा कुठे शासन नमले. संशोधन ग्रंथालयात करायचे की मैदानावर?

आदिवासी आमचा कोण?

येथवर आम्ही शासनाला बोललो. आता स्वतःला बोलू.

त्या कोलाम मुलाला "तू आमच्या खात्याचा नाही" असे खिडकीवरच्या बाबूने सांगितले. खाती दोन आहेत, हे खरेच आहे. बाबू खोटे बोलला नाही. पण चळवळीतही खाती दोन आहेत काय? बाबासाहेबांची तर नव्हती. 1928 साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. तिचे कामच मुळी अस्पृश्य वर्ग आणि आदिम जमाती या दोहोंची स्थिती तपासण्याचे होते. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. 1930 मध्ये तिने अहवाल दिला. वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या वाढवा, ही त्यातील एक मुख्य शिफारस. म्हणजे गावकुसाबाहेरचा आणि डोंगरातला, हे दोघे एकाच कागदावर जवळपास शंभर वर्षांपूर्वी आले होते. मध्येच आपण तो कागद फाडला काय?

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातीचे लोक एक कोटी 32 लाखांहून अधिक आणि आदिवासी एक कोटी पाच लाखांहून अधिक. दोन्ही मिळून राज्याच्या लोकसंख्येचा पाचवा हिस्सा ओलांडतात. मराठवाड्यात आदिवासी नाहीत, असे समजणारे लोक आपल्यातही आहेत. किनवट-माहूरचे गोंड, कोलाम आणि परधान, कळमनुरी-औंढ्याचे आंध, आपल्या शेजारच्या कन्नड-सोयगावचे भिल्ल कोण आहेत मग? कोलाम तर महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसरी कातकरी आणि तिसरी माडिया गोंड. त्यांच्यातला एखादा मुलगा पदवीपर्यंत पोहोचतो, तेव्हा तो एकटा पोहोचत नाही, एक अख्खा पोड त्याच्या मागे उभा असतो.

2018 साली शासनाने आदिवासी वसतिगृहांतील भोजनगृहे बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध आदिवासी पोरापोरींनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्या मोर्चात निळे झेंडे किती होते? नामांतरासाठी आपण घरेदारे जाळून घेतली, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांनी प्राण दिले, 1978 च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 पर्यंत सोळा वर्षे झुंज दिली. ते कशासाठी? पाटीवरच्या अक्षरांसाठी? की त्या पाटीखालून आत जाणारा शेवटचा मुलगा उपाशी राहू नये यासाठी?

हा प्रश्न एकट्या भारताचाही नाही. कॅनडात 1876 च्या 'इंडियन ॲक्ट'मध्ये अशी तरतूद होती की तिथल्या मूलनिवासी माणसाने विद्यापीठाची पदवी घेतली तर तो कायद्याने 'इंडियन' राहणार नाही! शिकायचे असेल तर आपली जमात सोड. पुढे तिथे मूलनिवासींच्या उच्च शिक्षणासाठी निधी सुरू झाला. पण 1996 मध्ये वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ द्यायची नाही, अशी मर्यादा घातली गेली. मुले वाढली, फी वाढली, निधी गोठला आणि शिकण्यासाठी प्रतीक्षा याद्या लागल्या. आपल्या तीनशे रुपयांची आठवण झाली ना? मात्र एक गोष्ट तिथली शिकण्यासारखी आहे. त्या निधीचे वाटप बहुतांशी मूलनिवासींच्या स्वतःच्या संस्थांमार्फत होते. अमेरिकेत नवाहो लोकांनी 1968 साली स्वतःचे महाविद्यालय काढले. हे ऐकून आपल्याला नवल वाटू नये. बाबासाहेबांनी त्याच्या अठरा वर्षे आधी, याच शहरात, तेच केले होते!

काय करावयास हवे?

शासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. निर्वाह भत्ता शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या महिन्यापासून, महिन्याच्या महिन्याला आणि आगाऊ द्या. उशीर झाला तर व्याज द्या. शेतसारा थकला तर तुम्ही आमच्याकडून दंड घेताच ना? दर महागाईशी जोडा, म्हणजे दर अकरा वर्षांनी भीक मागावी लागणार नाही. उत्पन्नाची मर्यादा इतर दुर्बलांना लावता तीच, आठ लाख, आम्हाला लावा. फीचा हिशेब सरकार आणि महाविद्यालय यांनी आपसात करावा. हॉल तिकीट, गुणपत्रिका, टी.सी. अडवणाऱ्या संस्थेवर कारवाई करा. आणि उपयोजनेच्या निधीला कायद्याचे कुलूप लावा, म्हणजे कोणत्याही सरकारला तो दुसरीकडे वळवता येणार नाही.

आणि आपण? शासनाच्या दारात मोर्चा नेण्याआधी आपल्या वस्तीत एक काम करू. या शहरात भीमजयंतीला किती मंडळे मिरवणुका काढतात आणि एका रात्रीच्या डीजेवर किती पैसा उधळतात, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतःच करावा. त्यातील फक्त अर्धी रक्कम बाजूला काढा. जून ते डिसेंबर, जोवर शिष्यवृत्ती येत नाही तोवर, गरजू विद्यार्थ्याच्या मेसचे पैसे त्यातून द्या. शिष्यवृत्ती आली की तो ते परत करील. आपल्या पोरांवर आपला विश्वास आहे. एक निवृत्त शिक्षक, एक बँक कर्मचारी आणि संगणक येणारी दोन पोरे मिळाली की नागसेनवनात शिष्यवृत्ती मदत केंद्र उभे राहते. अर्ज तपासायचा, खाते आधारशी जोडून द्यायचे, अडलेल्या फायलीचा पाठपुरावा करायचा. याला ना मंत्री लागतो ना अनुदान. मात्र त्या केंद्राच्या दारावर एक पाटी अवश्य लावा : 'येथे कोणालाही तू आमच्या खात्याचा नाहीस असे सांगितले जात नाही.'

त्या कोलाम मुलाची मेसची सोय त्या दिवशी चार जणांनी वर्गणी करून केली. त्यात आमचा वाटा होता, हे सांगण्यात भूषण नाही. उलट शरम आहे. कारण बाबासाहेबांनी 1944 साली ज्याची तरतूद करून ठेवली, त्यासाठी आज वर्गणी करावी लागते. तो मुलगा सध्या शिकतो आहे. रोज सकाळी नागसेनवनाच्या रस्त्याने वर्गाला जातो. त्याची शिष्यवृत्ती आली का, हे आम्ही त्याला विचारत नाही. तो प्रश्न त्याला विचारायचा नसतो. तो विचारायचा असतो देणेकऱ्याला. आणि देणेकरी मुंबईत आणि दिल्लीत बसलेला आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, जातीचे दाखले वेगळे असतील, खिडक्या वेगळ्या असतील, पण भूक एक आहे आणि हक्कही एकच आहे. रांगा दोन असल्या तरी मोर्चा एकच निघू द्या!

जय भीम! जोहार!